आवाज खाली ठेवा, काका

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. नाव पडलं ते कारखान्यात. पत्रा दाबून डब्यांची झाकणं, बिजागऱ्या, दारांच्या कड्या काढायचा तो कारखाना. लांबलचक शेडमध्ये प्रेस मशिनी ओळीने उभ्या, आणि सकाळी एकदा सुरू झाल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पायाखालची जमीन हादरत राहायची. शेजारच्याला किती वाजले विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. याचा आवाज मुळातच दणदणीत. शेडच्या या टोकाला उभं राहून तो "पत्रा संपला रे" म्हणाला की त्या टोकाचा गोदामवाला हातगाडी ढकलत निघायचा. कुणीतरी एकदा म्हणालं, "भोंगा वाजला." ते चिकटलं ते चिकटलंच.

त्या शेडने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली, ओठ वाचायला. तिथे सगळेच शिकायचे, न शिकवता. दिवसभर घसा तरी किती ताणणार? म्हणून माणसं लांबून नुसते ओठ हलवून बोलायची. कुणाची बायको रुसून माहेरी गेली, फोरमन आज कुणावर खार खाऊन आहे, डब्यात काय आणलंय, सगळं आवाजाशिवाय चालायचं. धडधडणाऱ्या मशिनींच्या दोन बाजूंना दोन माणसं पोट धरून हसताहेत आणि मधल्याला पत्ता नाही, असं रोज व्हायचं.

कान गेले ते हळूहळू. आधी पाखरं गप्प झाली, मग घड्याळाची टिकटिक, मग बायकोची आतल्या खोलीतून आलेली हाक. कारखान्याने कानात घालायला बोळे दिले होते, पण ते घातले की मशीनचा बिघडलेला ठोका कळत नाही म्हणून ते कुणी वापरत नसे. शेवटी डॉक्टरांनी यंत्र दिलं. घरात ते ठीक चालायचं. चार माणसं एकदम बोलायला लागली की मात्र कपाटातली सगळी भांडी एकदम खाली आल्यासारखा आवाज त्यातून यायचा, मग तो ते काढून खिशात टाकायचा. कारखान्यातही त्याला मशीनवरून उठवून गोदामात बसवलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. आपण किती मोठ्याने बोलतोय हे तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडायचा. समोरच्याने तोंड वाकडं केलं की आवाज खाली. पण माणूस घाईत असला, आनंदात असला, की चेहरे बघायचं राहून जातं.

घरात बायको आणि एकुलती एक लेक. बायको कपड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून द्यायची. लेकीला सगळे ठकी म्हणायचे. ठकी अगदी लहान असताना बापाची हनुवटी दोन्ही हातांनी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच बोलायची. मोठी झाल्यावर नुसतं कोपराला बोट लावायची. तो वळायचा. आईला कळू द्यायचं नसेल तर ठकी आवाज न काढता बोलायची आणि तोही तसाच उत्तर द्यायचा. जेवता जेवता बापलेकीचं हे मुकं बोलणं चालायचं, आणि आई म्हणायची, "झालं यांचं कारस्थान सुरू."

ठकी नववीत गेली तेव्हा शाळेत रोबोचा संघ निघाला. विज्ञान शिकवणारे एक तरुण सर आले होते, त्यांनीच तो काढला. सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांचा आवाज फाटकापर्यंत यायचा. हे वर्गात काय बोलतात ते शेवटच्या बाकालाही कान देऊन ऐकावं लागे. "आमचे सर कधी आवाज चढवत नाहीत," असं मुख्याध्यापिका पालकांना अभिमानाने सांगायच्या. संघात मुख्य म्हणजे तिघं. ठकी रिमोटवर. नट-बोल्ट, मोटर, चाकं बघणारा एक उंच मुलगा होता, त्याला लांबू म्हणत. आणि रोबोला डोकं देणारी, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम लिहिणारी, एक बुटकी, गोल चेहऱ्याची, फारशी न बोलणारी मुलगी. ती बटण.

भोंग्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सरावासाठी मोठं टेबल लागतं असं ठकीने सांगितल्यावर त्याने ते करून दिलं, आणि दर शनिवारी पोरांबरोबर जाऊन बसू लागला. पत्र्याच्या तुकड्यांच्या धारदार कडा कानशीने घासून द्यायच्या, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, एवढंच त्याचं काम. रोबोने ठोकळा उचलून नेमका खोक्यात टाकला की त्याची "शाब्बास!" अशी आरोळी व्हायची आणि शाळेचा पहारेकरी धावत बघायला यायचा. पोरं खो खो हसायची. बटणसुद्धा हसायची, तोंडावर हात ठेवून. भोंगाकाका आले नाहीत तर शनिवार फिका जातो, असं लांबू म्हणायचा.

त्या वर्षी स्पर्धेत नवा नियम आला होता. आदल्या वर्षी एका प्रशिक्षकाने सगळ्यांदेखत एका मुलाला असं झाडलं होतं की पोरगं रिमोट टाकून टेबलाखाली जाऊन बसलं, बाहेर येईना. तेव्हापासून ठरलं, स्पर्धेच्या जागी कुणीही कुणाशी आवाज चढवून बोलायचं नाही. पहिल्यांदा पिवळं कार्ड, दुसऱ्यांदा संघाचे गुण कापायचे, तिसऱ्यांदा त्या माणसाने बाहेर जायचं. ठकीने हे घरी वाचून दाखवलं तेव्हा भोंगा म्हणाला, "बरं केलं. पोरांवर ओरडतात म्हणजे काय?" कारखान्यातल्या पहिल्या फोरमनने त्याला चारचौघांत आईवरून शिव्या घातल्या होत्या, ते तो अजून विसरला नव्हता. लेकीवर तर त्याने आवाज कधीच चढवला नव्हता. म्हणजे चढलेला असायचाच, पण रागाने नव्हे.

पहिली फेरी एका महाविद्यालयाच्या सभागृहात झाली. हटवलेल्या खुर्च्यांच्या जागी टेबलं, टेबलांभोवती पोरांचा गलका. भोंग्याने यंत्र काढून खिशात टाकलं. ठकीचा रोबो झकास चालला होता, आणि अचानक त्याला दिसलं की मागच्या चाकाजवळची तार सुटून लोंबतेय.

"ठके! चाकाची तार! मागची! तार निघालीय!"

आसपासच्या दोन टेबलांवरची पोरं दचकली. स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला एक तरुण आला, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि हातातल्या कागदावर काही टिपता टिपता म्हणाला, "आवाज खाली ठेवा, काका."

मान खाली, ओठ दिसेनात. भोंग्याने विचारलं, "काय म्हणालात?"

विचारलं म्हणजे शेडमध्ये विचारतात तसं. तरुणाने दुसऱ्यांदा कार्ड वर केलं.

"अहो, पण झालं काय?"

ठकी रिमोट लांबूच्या हातात कोंबून धावत आली. "त्यांना कमी ऐकू येतं हो! ते ओरडत नाहीयेत, ते असेच बोलतात!"

"मग त्यांनी बाहेर थांबायला हवं होतं ना," तो तरुण म्हणाला. वाईट नव्हता तो. त्याला नियम दिला होता आणि तो पाळायला सांगितलं होतं. "मी एकाला सोडलं तर बाकीचे काय म्हणतील?"

तिसऱ्यांदा कार्ड त्याने वर केलं नाही, पण गुण कापले गेले. पहिला येणारा संघ दुसरा आला. अंतिम फेरीला पहिले दोन्ही संघ जाणार होते, म्हणजे नुकसान तसं काही झालं नाही, पण भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून उभा होता. सर त्याच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकले आणि हसऱ्या चेहऱ्याने काहीतरी बोलले. तोंड कानापाशी, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. आणि कान तर काय, नावालाच. समजूत घालताहेत असंच त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

"थँक्यू सर," तो म्हणाला. "थँक्यू. तुमचा मोठेपणा."

पोरं जमिनीकडे बघत होती. ठकीचे कान लाल झाले होते.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, "सर काय म्हणाले गं?"

"काही नाही. म्हणाले, होतं असं कधी कधी."

खरं काय ते पुढच्या शनिवारी लांबूकडून कळलं. मुली पाणी प्यायला गेल्या होत्या. भोंगा एका पत्र्याची कड घासत होता. लांबू बराच वेळ घुटमळला आणि मग समोर येऊन उभा राहिला. "काका, तुम्ही सरांना थँक्यू का म्हणालात?"

"का रे?"

"ते म्हणाले होते, असलं जनावर घरी बांधून यायचं असतं."

भोंगा कड घासत राहिला. कड केव्हाच गुळगुळीत झाली होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ठकीला सांगू नको मला कळलंय म्हणून." आणि एवढं बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आपण शाळाभर ऐकू जाईल असं बोललोय. लांबू दाराकडे बघत होता. दारात सुदैवाने कुणी नव्हतं.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी ठकी कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही वर बसाल का? सज्जात? आईबरोबर?"

"सरांनी सांगितलं?"

"नाही. मलाच वाटतं."

बोलताना तिने त्याच्याकडे नीट बघितलं नाही, त्याला निम्मं अंदाजाने समजून घ्यावं लागलं. "बसेन की," तो म्हणाला. "वरून दिसतंही चांगलं."

दिसत होतं खरंच चांगलं. क्रीडासंकुलातलं मोठं बंदिस्त मैदान, मधोमध स्पर्धेची टेबलं, आणि वर टांगलेला भला मोठा पडदा. सामना चालू असताना रोबो दिसायचे आणि मधल्या वेळात कॅमेरा संघांवरून फिरायचा. पोरांचे चेहरे पडद्यावर घराएवढे होत, पोरं हात हलवत, सज्जातून शिट्ट्या पडत. भोंग्याने सकाळपासून तोंड शिवल्यासारखं मिटलं होतं. ठकीच्या संघाने सलग सामने जिंकले तरी त्याने नुसत्या मांड्यांवर थापा मारल्या. बायको त्याच्या हातावर हात ठेवून बसली होती, घोड्याचा लगाम धरावा तशी.

उपांत्य सामना तीन डावांचा होता. डावाच्या सुरुवातीला रोबोला रिमोटशिवाय, स्वतःच्या डोक्याने चालायचं असतं; पहिल्या डावात तेव्हा तो दोन हात पुढे गेला आणि जागच्या जागी गरगर फिरायला लागला. फिरतच राहिला. प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलं होतं. डाव गेला.

मध्ये थोडी विश्रांती होती. कॅमेरा फिरत फिरत ठकीच्या संघावर आला आणि थांबला. सर बटणसमोर गुडघ्यावर बसले होते. एक हात तिच्या पाठीवर. चेहऱ्यावर तेच मऊ हसू. शेजारी ठकी, हातात रिमोट.

"बघा तरी," बायको त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "किती प्रेमाने समजावताहेत."

भोंगा पडद्याकडे बघत होता. ओठ एवढे मोठे त्याने जन्मात बघितले नव्हते. एकही अक्षर निसटलं नाही.

"तू घाण करणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," सर म्हणत होते. "तुझ्यासारखी मठ्ठ पोरगी घेतली, ही माझी चूक. तुझ्यामुळे सगळे हरणार आहेत आज. रडू नकोस. कॅमेरा आहे. हस. हस म्हणतो ना."

आणि बटण हसली. पडद्यावर घराएवढ्या चेहऱ्याने, ओले डोळे मोठे करून हसली. सज्जातल्या लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या भोंग्याला सोसल्या नाहीत. तो कधी उभा राहिला त्याला कळलं नाही, बायकोचा हात कधी सुटला तेही कळलं नाही.

"ए मास्तर! लेकराला काय बोलतोयस! काय बोलतोयस तिला!"

तो आवाज प्रेस मशिनींच्या वरून जाणारा होता. त्या मैदानातला गलका त्याच्यापुढे काहीच नव्हता. टेबलांवरच्या पोरांचे हात थांबले. शेकडो माना एकदम वर वळल्या, आणि पडद्यावर सर अजून गुडघ्यावरच होते, फक्त त्यांचं हसू किंचित रुंद झालं होतं.

त्याला खाली नेलं. मैदानामागच्या एका खोलीत, जिथे व्यायामाच्या गाद्यांची चळत आणि घडी घातलेलं टेबल-टेनिसचं टेबल होतं, तिथे मुख्य पंचबाई आल्या. पांढऱ्या केसांची, सरळ बोलणारी बाई होती. तिने त्याला खुर्ची दिली, समोर बसली, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलली. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, हे त्याला नंतरही कबूल करावं लागलं. सर, ठकी आणि बटण भिंतीशी उभे होते.

"इतक्या वरून तुम्ही काय ऐकलंत?"

"ऐकलं नाही, बाई. बघितलं."

"बघितलं?"

"ओठ. पडद्यावर. तिला मठ्ठ म्हणाले. वर कॅमेरा आहे म्हणून हसायला लावलं."

सरांनी सुस्कारा टाकला. "काकांचं पोरांवर प्रेम आहे, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "मागच्या फेरीत त्यांच्यामुळे गुण गेले तेव्हाही मी त्यांना काही बोललो नाही. उलट धीर दिला. त्यांनी माझे आभार मानले होते, हवं तर विचारा."

पंचबाईंनी भोंग्याकडे पाहिलं. "मानले होतेत?"

"मानले होते," भोंगा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

चित्रीकरणात आवाज नव्हता, नुसतं संगीत होतं. ओठांवरून काहीही वाटू शकतं, असं त्या म्हणाल्या, आणि तेही काही खोटं नव्हतं. मग त्यांनी बटणला जवळ घेतलं. "बाळ, सर तुला काय म्हणाले? घाबरू नकोस."

बटणने सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "म्हणाले, काळजी करू नकोस."

"आणि तू?" बाईंनी ठकीला विचारलं. "तू अगदी शेजारी होतीस ना?"

ठकीने बापाकडे तोंड वळवलं नाही. पण तिचे ओठ त्याला एका बाजूनेही वाचता येत. लहानपणापासून वाचत आला होता.

"हो. मी ऐकलं. सर तसं काहीच बोलले नाहीत. बाबांना नीट ऐकू येत नाही."

 मग पंचबाई म्हणाल्या की काका संघातले नाहीत, प्रेक्षक आहेत, तेव्हा मुलांचे गुण काही कापायचे नाहीत. पण त्यांना आजही आणि पुढच्या वर्षीही आत येता येणार नाही. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण नियम आम्ही ओरडणाऱ्यांसाठीच केलाय."

बाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ एक पायरी होती, तिथे नवराबायको बसून राहिले. आत काय चाललंय ते बायकोला आवाजावरून कळत होतं आणि ती त्याला सांगत होती. उरलेले दोन्ही डाव आपल्या पोरांनी जिंकले. मग शेवटच्या सामन्यात हरले, पण दुसरा नंबर, म्हणजे मोठ्या स्पर्धेला जाणार. मग टाळ्या बराच वेळ वाजल्या, आणि बायको काही सांगेना.

"काय झालं?"

"काही नाही. सरांचं कौतुक केलं. एवढा प्रसंग आला तरी आवाज चढू दिला नाही म्हणून."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला नक्की दिसलं ना हो?"

"तुला बघतोय तसं."

"मग ठकी खोटं बोलली?"

 बायको पायरीवरच्या फटीतलं गवत उपटत राहिली. नवरा खोटा की लेक, यातलं एक तिला निवडायचं होतं, आणि तिने ते कधीच निवडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती दोघांशीही एकसारखीच वागली.

बटण शाळेत यायची बंद झाली. काही आठवड्यांनी तिची आई घरी आली. ती दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून तशीच आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, तुम्ही काय बघितलं ते मला शब्द न् शब्द सांगा."

भोंग्याने सांगितलं. बायकोने आधी खिडक्या लावून घेतल्या, तरी शेजारपाजारच्यांना ऐकू गेलंच असणार. सांगताना त्याला त्या शब्दांची लाज वाटत होती, जणू तोच ते बोलत होता. मठ्ठ. घाण करणार. हस म्हणतो ना.  मग नर्सने आतल्या दाराशी उभ्या असलेल्या ठकीकडे पाहिलं.

"ठके, खरं का हे?"

"काकू, मी सांगितलंय तेव्हाच," ठकी म्हणाली.

नर्सने मान हलवली आणि गेली. जिन्यावरून उतरताना तिचा हात कठड्यावर होता, एवढं त्याला दिसलं.

ठकीने त्याच्या कोपराला बोट लावलं. तो वळला. आई मागच्या खोलीत होती, म्हणून ठकी आवाज न काढता बोलली.

"मी ऐकलं होतं, बाबा. सगळं."

"मग?"

"मोठ्या स्पर्धेला कोण जाणार ते सर ठरवतात. पुढच्या कॉलेजसाठी शिफारसही तेच देणार आहेत." तिने एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही कशाला ओरडलात? बटणला सवय झाली होती. आम्हा सगळ्यांनाच झाली होती."

"आम्हा सगळ्यांना?"

तिने त्याच्या कोपरावरचं बोट काढून घेतलं.

"चल," तो म्हणाला, तोही बिनआवाजाचा. "त्या अजून कोपऱ्यापर्यंतच गेल्या असतील. सांगून येऊ."

"नाही."

"ठके."

"नाही म्हणजे नाही, बाबा. मी जीव ओतलाय यासाठी."

तो खिडकीशी गेला आणि खिडकी उघडली. नर्स खाली रस्त्याच्या कडेकडेने चालली होती, खांद्यावरची पिशवी सारखी करत. हाक मारली असती तर पोचली असती. कोपऱ्यापर्यंत काय, त्याच्या पुढच्या चौकापर्यंत पोचली असती. तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. मागे लेक उभी होती. नर्स वळली आणि दिसेनाशी झाली, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

बटणला दुसऱ्या शाळेत घातलं. ती पुढे रोबोच्या वाटेला गेली नाही, असं लांबूने एकदा रस्त्यात भेटल्यावर सांगितलं. ठकी मोठ्या स्पर्धेला गेली. दुसऱ्याच सामन्यात त्यांचा रोबो उलटला, तिच्याच हातून. परत आली ती घरात शिरून सरळ आंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जेवायला बसल्यावर भोंग्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं की हिच्यासमोरही कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. तिने सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. जेवताना आवाजाशिवाय बोलायचं त्यांचं तेव्हापासून बंद पडलं.

सरांना एका मोठ्या शाळेने बोलावून घेतलं. मुलांशी कसं बोलावं यावर ते आता ठिकठिकाणी व्याख्यानं देतात, आणि लोक म्हणतात, ऐकत राहावंसं वाटतं. ठकी इंजिनिअर झाली, दूरच्या शहरात असते. फोनवर बापाला काही कळत नाही म्हणून लिहून पाठवते: बाबा, कसे आहात? तो लिहितो: मजेत. पुढे काय लिहावं ते दोघांनाही सुचत नाही.

भोंगा हल्ली बाहेर फारसा बोलत नाही. दुकानात बोट दाखवून वस्तू घेतो. एकदा कानाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेला तर समोर तीच नर्स. केस थोडे पिकले होते. तिने त्याला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही, त्याला खुर्चीत बसवलं, यंत्र काढून पुसलं, समोर येऊन स्पष्ट, सावकाश बोलली, "मान स्थिर ठेवा."

दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं बसलेली. भोंग्याला एक सांगायचं होतं, वर्षानुवर्षं सांगायचं होतं, आणि ते हळू आवाजात सांगणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणून त्याने नुसते ओठ हलवले. नर्सला ओठ वाचता येतील की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

"ठकीने ऐकलं होतं."

ती यंत्र पुसायची थांबली. मग तीही तशीच बोलली, आवाज न काढता, त्याच्यासाठी.

"मला माहीत आहे. बटणने मला त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तुमच्याकडे मी काय घडलं ते विचारायला आले नव्हते. आणखी कुणी सोबत उभं राहतंय का ते बघायला आले होते."

तिने यंत्र त्याच्या कानात बसवलं, त्यावरची चकती फिरवून आवाज जुळवला, आणि दाराकडे वळून पुढच्या माणसाला बोलावलं.